दोरीने आखलेले नाट्यगृह

यवतमाळ–अमरावती रस्त्यावरचे नेर हे कापसाच्या मुलखातले तालुक्याचे गाव. नेर परसोपंत या जोडनावानेही ते ओळखले जाते. अशा गावात नाटक, कीर्तन, खंजिरी भजन, दंडार किंवा व्याख्यान, काहीही व्हायचे असले की आधी बिछायत केंद्रावर निरोप जातो. मग बल्ल्या, फळ्या, ताडपत्र्या आणि कनाती मैदानात येऊन पडतात. एक जण सुतळीचे टोक धरून उभा राहतो, दुसरा तिचे दुसरे टोक घेऊन चालत जातो, सुतळी ताणली जाते आणि तिच्या रेषेवर खड्डे खणले जातात. संध्याकाळपर्यंत मंच, पडद्याची जागा, बायकांची बाजू, पुरुषांची बाजू, कलावंतांनी आत-बाहेर करण्याची वाट, सगळे ठरून जाते. कार्यक्रम संपला की बल्ल्या उपटल्या जातात, खड्डे बुजतात आणि मागे काही उरत नाही. वास्तुकलेच्या इतिहासात या कामाची नोंद होत नाही. तिथे नाट्यगृह म्हटले की पॅरिस, बोर्दो, व्हेनिस अशी नावे येतात आणि आपल्याकडचे फार तर मुंबईचे ऑपेरा हाउस. मला वाटते, ही विभागणी चुकीची आहे. नाट्यगृहाचा वारसा दगड-विटांपेक्षा त्याच्या आखणीत जास्त असतो. फ्रान्सने ही आखणी कागदावर उतरवून छापून ठेवली, म्हणून तिथली जळालेली नाट्यगृहेसुद्धा आज अभ्यासता येतात. आपण ती सुतळीबरोबर गुंडाळून ठेवली, म्हणून आपली उभी असलेली नाट्यगृहेसुद्धा आपल्याला नीट ठाऊक नसतात.

आखणीचे महत्त्व आपल्याला परक्यांनी शिकवावे लागले असते असे मात्र नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय सगळा नाट्यमंडपाच्या बांधणीला वाहिलेला आहे. विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र, म्हणजे लांबट, चौरस आणि त्रिकोणी, असे तीन आकार; ज्येष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ अशी तीन मापे. माणसांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असा मध्यम मंडप सर्वांत योग्य, असे ग्रंथ सांगतो. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर ही जागा शहाण्णव फूट बाय अठ्ठेचाळीस फूट होते. त्याचे कारणही तो देतो. याहून मोठ्या मंडपात नटाचा आवाज विरून जातो आणि चेहऱ्यावरचे भाव मागच्याला दिसत नाहीत. या लांबीचा पुढचा अर्धा भाग प्रेक्षकांचा, मागचा अर्धा रंगभूमीचा आणि नेपथ्यगृहाचा. मग येते दोरीची गोष्ट. ही मापाची दोरी कापसाची, मुंज गवताची किंवा झाडाच्या सालीची असावी, ती कुठे जोडलेली नसावी आणि मोजताना तुटता कामा नये. अर्ध्यावर तुटली तर मंडपाच्या धन्याचा मृत्यू, चौथ्या भागावर तुटली तर प्रयोग करणाऱ्याचा नाश, इतकी कडक ताकीद आहे. यातला शकुन-अपशकुन बाजूला ठेवला तरी मुद्दा राहतो की, मंडपाची सगळी सिद्धी एका अचूक मापावर अवलंबून आहे, असे हे शास्त्र मानत होते. संस्कृतात सूत्रधार हा शब्द नाटक चालवणाऱ्यासाठी आहे आणि दोरी धरून बांधकाम आखणाऱ्या कारागिरासाठीही आहे. नेरच्या मैदानात सुतळी ताणणारा माणूस दुसऱ्या अर्थाने सूत्रधारच असतो.

फ्रान्समध्ये नाट्यगृहाची सुरुवात अशा शास्त्राने झाली नाही. १५४८ साली पॅरिसमध्ये ओतेल द बुर्गोन्य हे नाट्यगृह उभे राहिले, ते एक अरुंद लांबट दालन होते. पुढच्या शतकात अनेक नाटक मंडळ्यांनी चेंडूफळीच्या बंदिस्त क्रीडागृहांत मंच घातले, तीही तशीच लांबट. कडेला बसलेल्याला अर्धा मंच दिसत नसे, मागच्याला ऐकू येत नसे. या अडचणीतून अठराव्या शतकात फ्रेंच वास्तुकारांनी आकाराचा विचार सुरू केला आणि तो त्यांनी आराखड्यांच्या रूपाने आपसांत चालवला. सुफ्लो यांनी लियाँ शहरात १७५६ साली लंबवर्तुळाकार प्रेक्षागाराचे नाट्यगृह बांधले. गाब्रिएल द्युमों यांनी इटली आणि फ्रान्समधल्या उत्तम नाट्यगृहांचे नकाशे एकत्र छापले, म्हणजे कोणाचे प्रेक्षागार किती खोल, कोणाचा मंच किती रुंद, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता यावे. दिदरोंच्या विश्वकोशाच्या १७७२ सालच्या चित्रखंडात नाट्यगृहांच्या नकाशांबरोबर रंगमंचाखालची यंत्रेही आहेत: चाकांवर सरकणारे पाखे, दोर गुंडाळणारे रहाट, ढगांतून देव खाली उतरवण्याची योजना. व्हिक्तोर लुई यांचे बोर्दोचे भव्य नाट्यगृह १७८० साली उघडले आणि दोनच वर्षांत त्यांनी त्याचे आराखडे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याच १७८२ साली पिएर पात यांनी नाट्यवास्तूवर निबंध लिहून लंबवर्तुळाचा आकार आवाजाला सर्वांत चांगला, असा पक्ष मांडला. हा सगळा वाद कागदावर चालला होता. वास्तू दूर असल्या तरी कागद हातात होते, त्यामुळे एका गावातली चूक दुसऱ्या गावात टाळता येत होती.

आणि ते कागद कामी आले, कारण नाट्यगृहे जळत होती. लाकूड, कापड, दोर आणि उघडे दिवे एका छपराखाली आणल्यावर दुसरे काय होणार? पॅरिसमधले पाले-रोयालचे ऑपेरागृह १७६३ साली जळाले, त्याच्या जागी बांधलेले १७८१ साली जळाले. पेयर आणि द वायी यांचे ओदेओं १७८२ साली उघडले, ते १७९९ आणि १८१८ असे दोनदा आगीत सापडले. ल पलतिए रस्त्यावरचे ऑपेरागृह १८७३ साली गेले, तेव्हा शार्ल गार्निए यांचे नवे ऑपेरागृह पुरे करण्याची घाई सुरू झाली आणि १८७५ च्या जानेवारीत ते उघडले. मला यातले सर्वांत बोलके उदाहरण बझांसोंचे वाटते. क्लोद-निकोला लदू यांनी १७८४ साली तिथे जे नाट्यगृह दिले, त्यात खाली उभ्याने नाटक पाहणाऱ्या साध्या लोकांसाठी बसायची सोय होती आणि वादकांना मंचापुढच्या खोलगट जागेत बसवले होते. पुढे लदूंनी त्याचे एक चित्र छापले: एक मोठा डोळा आणि त्याच्या बुबुळात उमटलेले रिकामे प्रेक्षागार. १९५८ साली हे नाट्यगृह आतून जळून गेले. बाहेरच्या भिंती उरल्या, आतला भाग नव्या पद्धतीने बांधला गेला. म्हणजे आराखडे होते म्हणून जुने रूप परत आले, असे इथे झाले नाही. पण काय गेले आणि लदूंनी कोणाला कुठे बसवले होते, हे आजही नेमके सांगता येते. जुने परत उभारायचे की नवे बांधायचे, हे गावाला डोळसपणे ठरवता येते. आराखड्याकडून याहून जास्त मागणे बरोबर नाही.

आता नेरच्या मंडपाचा आणि या छापील नकाशांचा संबंध काय, असे कोणी विचारेल. संबंध पडद्यातून येतो. १५४५ साली पॅरिसमध्ये सेबास्तियानो सेर्लिओ या इटालियन वास्तुकाराचा यथार्थदर्शनावरचा ग्रंथ इटालियन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत छापला गेला. त्यात त्याने रंगमंचासाठी तीन देखावे काढून दाखवले होते: शोकनाट्यासाठी राजवाड्यांची रांग, हास्यनाट्यासाठी साध्या घरांचा रस्ता आणि वनदेवतांच्या खेळासाठी अरण्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या मराठी नाटक मंडळीच्या सामानात कोणते पडदे असत ते आठवून पाहावे. राजवाडा, रस्ता, जंगल. जोडीला बाग आणि तुरुंग. कोल्हापूरच्या किंवा मुंबईच्या रंगाऱ्याने सेर्लिओचे नाव ऐकलेले असण्याचे कारण नाही. पण तीनशे वर्षांत ती रीत इटली–फ्रान्सच्या दरबारी नाट्यगृहांतून लंडनला, लंडनहून मुंबईच्या इंग्रजी नाट्यगृहांत, तिथून पारशी मंडळ्यांत आणि मग मराठी मंडळ्यांच्या पेटाऱ्यांत पोचली. मंडळी गावोगाव फिरत होती, तेव्हा तिचे नाट्यगृह तिच्याबरोबर फिरत होते. ते गुंडाळता येणारे होते, एवढाच फरक. मंडपात तो पडदा टांगला की पंधरा फूट खोलीच्या फळ्यांवर कोसभर लांबीचा रस्ता दिसू लागे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. राजा, प्रजा आणि वन हे कोणत्याही देशाच्या कथेत येणारच. शाकुंतलात तपोवन आणि दुष्यंताचा दरबार दोन्ही आहेत. त्यासाठी पॅरिसपर्यंत जायची गरज काय? विषयांपुरते पाहिले तर हे खरे आहे. पण मी बोलतो आहे रेषांबद्दल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हा दूर जाणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळवणारा पडदा मागे नव्हता आणि त्यांचे काही अडले नाही. दशावतारात आजही पात्र मंचावर एक फेरी मारते आणि अयोध्येहून लंकेला पोचते. नाट्यशास्त्रानेही रंगभूमीचे कल्पित विभाग करून चालण्याच्या संकेताने स्थळ बदलण्याची सोय करून ठेवली होती. म्हणजे स्थळ दाखवण्याची आपली जुनी रीत चालण्यात आणि बोलण्यात होती. यथार्थदर्शनी पडदा ही बाहेरून आलेली, भूमितीवर उभी असलेली वेगळी रीत. ती आपण उचलली आणि तिच्यात प्रावीण्य मिळवले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. त्यानंतरच्या तीन-चार दशकांत संगीत नाटकाबरोबर पडद्यांचे वैभवही वाढत गेले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ मोठ्या मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. १९१६ साली आनंदराव गेले आणि बाबूराव पुढे चित्रपटाकडे वळले. १९२० च्या सैरंध्रीत त्यांची रंगाऱ्याची नजर कॅमेऱ्यामागे गेली. ललितकलादर्शसाठी पु. श्री. काळे यांनी नेपथ्याला वास्तवाच्या जवळ नेले. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या आंधळ्यांची शाळा या नाटकात रंगवलेल्या पडद्याऐवजी खोलीच मंचावर आली. ही आपल्या नाट्यवास्तूच्या इतिहासातली मोठी माणसे आहेत. ती रंगारी आणि नेपथ्यकार म्हणून ओळखली जातात, म्हणून आपण त्यांना वास्तूच्या इतिहासात मोजत नाही. ही मोठी चूक आहे.

वऱ्हाड या इतिहासाच्या बाहेर होता असे समजण्याचेही कारण नाही. १९०५ साली मुंबईत पहिले नाट्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. राक्षसी महत्त्वाकांक्षा आणि रणदुंदुभी ही नाटके लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचेच. त्यांतले पहिले केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने गाजवले, दुसरे १९२७ साली दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने. वऱ्हाडाने रंगभूमीला लेखक दिले, रसिक दिले, आश्रय दिला. आणि या सगळ्याचे जिथे प्रयोग होत, ती ठिकाणे म्हणजे बहुधा पटांगणे, जिनिंगची आवारे आणि मंडप. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेही मैदानावर मंडप घालून. तीन दिवसांनी तो उतरला.

दगडी नाट्यगृहांच्या बाबतीत तरी आपण सावध राहिलो का? जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ साली ग्रांट रोडचे नाट्यगृह उघडले आणि १८५३ साली भाव्यांचे खेळ तिथे झाले. मराठी नाटकाने चौकटीच्या रंगमंचावर पाऊल टाकले ती ही जागा. आज ती वास्तू नाही. आनंदोद्भव नाही. १८७९ सालचे गेइटी नाट्यगृह पुढे कॅपिटॉल सिनेमा झाले. आपल्या नटांच्या आत्मचरित्रांत गळ्याचे, पदांचे, भांडणांचे आणि उत्पन्नाचे बारकावे भरपूर सापडतात. मंच किती फूट रुंद होता, पिट किती खोल होते, शेवटच्या रांगेपासून नट किती दूर उभा राही, हे क्वचितच कोणी लिहिले. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचे नशीब बरे म्हणायचे. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते योजले, १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाने त्याचे उद्घाटन केले. नालेच्या आकाराचे प्रेक्षागार, खासगी कक्ष, सोनेरी नक्षी: युरोपातल्या त्या छापील नकाशांचा वारसा मुंबईत इतका ठळक दुसरीकडे दिसत नाही. बालगंधर्व आणि दीनानाथ तिथे गायले. मग सिनेमा आला, सिनेमाच्या सोयीसाठी आतली रचना बदलली आणि १९९३ साली दारे बंद झाली. आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार करून २०१६ साली ते पुन्हा उघडले. बदललेले कक्ष आणि झाकलेले रंग शोधण्यासाठी जुनी छायाचित्रे आणि भिंतीवरच्या रंगांचे थर यांचा आधार घ्यावा लागला.

कोल्हापूरची गोष्ट ताजी आहे आणि जास्त दुखणारी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली खासबाग कुस्ती मैदानाला लागून पॅलेस थिएटर उभारले. १९०२ च्या युरोपच्या प्रवासात पाहिलेल्या वास्तूंचा ठसा या परिसरावर आहे. रोमचे कलोसियम पाहून आल्यावर खासबागेची कल्पना सुचली, असे सांगतात. कुस्तीचा गोल आणि नाटकाची चौकट शेजारी शेजारी, दोन्ही एकाच राजाने लोकांसाठी बांधलेली. पुढे या नाट्यगृहाला केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्याला आग लागली. रंगमंच जळाला, छप्पर कोसळले. दुसऱ्या दिवशी जयंतीला जमलेले कलावंत तिथे रडत उभे होते. शासनाने ते जसेच्या तसे उभारण्याचे जाहीर केले. जसेच्या तसे म्हणणे सोपे आहे. त्यासाठी लागतात कमानीची वक्रता, मंचाचा उतार, छपराच्या कैच्यांचे कोन, फळ्यांची जाडी आणि फळ्यांखालच्या पोकळीची खोली, कारण आवाज याच गोष्टींवर ठरतो. नाट्यगृह जळण्याआधी ज्याची मापे घेतली गेली, तेवढेच जसेच्या तसे होऊ शकते. बाकीचे अंदाजाने होते.

छायाचित्रे आणि चलचित्रे असताना आराखडे कशाला, असा प्रश्न आता सर्रास येतो. छायाचित्र एका जागेवरून दिसलेले दाखवते. मंचाखाली, छतावर, भिंतीच्या आत काय आहे ते त्यात नसते, आणि नाट्यगृहाचे अर्धे काम तिथेच चालते. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: आराखड्याने आवाज टिपता येत नाही. हे मला मान्य आहे. गार्निए यांनी ऑपेरागृहासाठी आवाजाचे सगळे सिद्धान्त अभ्यासले आणि शेवटी आपल्याला भरवशाचा नियम सापडला नाही, असे स्वतःच लिहिले. पात यांच्या लंबवर्तुळावरही पुढे शंका घेतल्या गेल्या. पण गार्निए यांना नियम सापडला नाही, तरी त्यांच्या नाट्यगृहाची मापे आपल्याजवळ आहेत, म्हणून त्यांच्यानंतरचा माणूस ती तपासू शकतो. ज्याची मापेच नाहीत, त्याच्या आवाजाबद्दल फक्त आठवणी सांगता येतात आणि आठवणीत प्रत्येक जुने नाट्यगृह गोड वाजते.

राहिला मंडप. तो तात्पुरता, दरवर्षी वेगळा, आणि तो घालणाऱ्याच्या डोक्यात पक्का बसलेला. त्याचा नकाशा कशाला काढायचा? उलट मला वाटते, सर्वांत आधी नकाशा त्याचाच हवा. वास्तू निदान पन्नास वर्षे उभी राहून साक्ष देते, मंडप तीन दिवसही देत नाही. आणि डोक्यातले ज्ञान पिढीबरोबर बदलते. लाकडी बल्ल्यांच्या जागी लोखंडी पाइप आले, सुतळीच्या गाठींच्या जागी क्लॅम्प आले, कापडी पडद्याच्या जागी छापील फ्लेक्स आला, ध्वनिवर्धकामुळे शेवटची रांग कुठे असावी याचा जुना हिशोब निरर्थक झाला. चेहऱ्यावरचे भाव मात्र आजही तेवढ्याच अंतरावरून दिसतात. भरताच्या मापातला तो भाग जुना झालेला नाही. पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटके अजून रात्रभर चालतात आणि वडशाच्या मंडळ्या अजून पडदे घेऊन गावोगाव जातात, म्हणून तिथे हे ज्ञान जिवंत आहे. वऱ्हाडात ते वेगाने जात आहे. मंचाची उंची बसलेल्या माणसाच्या नजरेला किती ठेवायची, भजनी मंडळाला आणि नाटकाला वेगळी खोली का लागते, वारा कुठून येतो हे पाहून कनात कोणत्या बाजूला बांधायची, हे सांगू शकणारे लोक आज आपल्यात आहेत.

हे काम खर्चाचे नाही. आलेख कागद, टेप, दोन माणसे आणि एक दुपार लागते. वरून दिसणारा नकाशा, मधून कापलेला छेद आणि समोरचे दर्शन, अशा तीन आकृत्या काढल्या की झाले. शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकाला किंवा तंत्रनिकेतनातल्या मुलाला त्या सहज जमतात. यंदाच्या गणेशोत्सवात नेरला जो मंडप पडेल, तो उतरवण्याआधी कोणीतरी त्याची मापे घ्यावीत, मंडप घालणाऱ्याला विचारून प्रत्येक मापाचे कारण शेजारी लिहावे, खाली त्याचे नाव आणि तारीख घालावी, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी.